कशासाठीचा रकाना

सुभेदारांना कुणी निरोप दिला, की ते आधी तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचे. "सगळ्याइले सांगायचं, चार वाजता, खालच्या खोलीत, नकाशे घेऊन. बराबर?" आपण हो म्हटलं तरी जागचे हलायचे नाहीत. "अन् काहून, ते राह्यलं." या 'काहून'ला, म्हणजे 'कशासाठी'ला, सारं ऑफिस वैतागलं होतं, आणि सगळ्यांत जास्त मी.

ते अकोल्याचे, सैन्याच्या सिग्नल म्हणजे संदेश विभागातून निवृत्त झालेले. आमचं अमरावतीतलं लहानसं ऑफिस फौजेच्या सरावासाठी एक प्रणाली बनवत होतं. अधिकाऱ्याने आपल्या संगणकावर हुकूम लिहायचा आणि लुटुपुटूचं युद्ध चालवणाऱ्या दुसऱ्या संगणकाने तो समजून घेऊन पडद्यावरच्या तुकड्या हलवायच्या. दोन्ही यंत्रं वेगळ्या घरची, म्हणून दोघांना कळेल अशी एक ठरावीक भाषा हवी होती. तिचे पाच रकाने: कोणी, काय, कुठे, कधी, कशासाठी. सुभेदार आमचे सल्लागार होते आणि त्यांचा सल्ला एकच होता.

"मतलब सांगतला नाही तं तो जवान नाही मॅडम, ठोकळा आहे."

चाचणी जवळ आली आणि अधिकारी कुरकुरू लागले. पाचव्या रकान्यात फार वेळ जातो म्हणे. चाचणी फसली तर काम जाणार होतं. कापसाने त्या वर्षांत घरोघरी हात टेकायला लावले होते. आमची निम्मी मुलं तिवसा-मोर्शीकडची, घरचा भार त्यांच्यावरच. मी पाचवा रकाना काढून टाकला. सुभेदारांना सांगितलं, तर ते नुसतं "बरं" म्हणाले. परत म्हणून दाखवलं नाही, काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं, याची आज लाज वाटते.

चाचणीत एका तुकडीला हुकूम गेला: सहा वाजता पुलावरून पलीकडे जा. खेळात पूल आधीच उडालेला होता. तुकडी तुटक्या पुलाशी उभी राहिली. जवळच नदी पायी ओलांडता येईल असा उतार होता, पण ती तिकडे वळली नाही. गोळीबारात एकेक ठिपका विझत गेला.

"उतारावरून का नाही गेले?" चाचणी बघायला आलेल्या कर्नलसाहेबांनी विचारलं.

"पलीकडच्या जखमींना आणायचंय, हे त्यांना माहीतच नव्हतं," मी म्हणाले. "तो रकाना मी काढला, सर."

एका महिन्याची मुदत मिळाली. त्या संध्याकाळी सुभेदार माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"नाल्यावर थांबा, असा निरोप म्या एका तुकडीले वायरलेसवरून देल्ला होता," ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर बराबर. एका ट्रकसाठी थांबाचं होतं, अन् तो ट्रक दुसऱ्याच रस्त्यानं निंघून गेला. त्याइले माहीत असतं तं वापस आले असते. आठ जण होते. धारणीचा माहा दोस्त होता त्याच्यात. आवाज माहा होता, बाई."

मॅडमची बाई मी त्या दिवशी झाले.

रकाना परत आला, तोही सक्तीचा. तो भरल्याशिवाय हुकूम पुढे जाईना. चाचणी पार पडली. सुभेदार अकोल्याला घरी गेले आणि वर्षभरात हृदयविकाराने वारले. मी भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या बायकोने मला जेवल्याशिवाय निघू दिलं नाही.

पुढे एका सरावाला मी हजर होते. एका तरुण कॅप्टनने चार रकाने भराभर भरले आणि पाचव्यापाशी, 'कशासाठी'पाशी, तो अडला. काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला. मग त्याने अख्खा हुकूमच रद्द केला. पडद्यावरचे बारा हिरवे ठिपके नदीच्या अलीकडेच राहिले. खोलीत कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि सुभेदार गेल्यानंतर पहिल्यांदा ढसाढसा रडले.