माहीत असेल तर

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या कोरड्या पूर्व भागात आर्डिथ लिंडक्विस्ट एकटीच चाळीस मेंढ्या सांभाळून होती. त्यांचा हिवाळा निघायचा तो घरामागच्या आठ एकर लसूणघासावर. दोन वर्षांपूर्वी त्यात रानडुकरं शिरली. कायदा सांगतो, की आपल्या जमिनीत डुकरं आहेत हे ज्या मालकाला माहीत असेल, त्याने दहा दिवसांत सरकारी कचेरीला कळवावं आणि बंदोबस्ताची योजना द्यावी. आर्डिथ नको तितकी सरळ. तिने दुसऱ्याच दिवशी कळवलं आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

मग पिंजरे आले, कुंपण आलं, दर महिन्याचे कागद आले. डुकरं मात्र दिवसभर शेजारच्या व्हर्ल हॅचच्या ओढ्यात लोळायची आणि जेवायला इकडे यायची. व्हर्लने कानावर हात ठेवले होते. ज्याला माहीत नाही त्याच्यामागे कागद लागत नाहीत, एवढं मात्र त्या गृहस्थाला पक्कं माहीत होतं.

शेवटी चर्चमागच्या जेवणावळीत ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"व्हर्ल, तुझ्या ओढ्यात एकोणीस डुकरं आहेत. एवढ्या माणसांसमोर सांगतेय. आता तरी झालं ना माहीत?"

"अगं आर्डिथ, ओढ्याकडे जातंय कोण? माझे गुडघे बघ की."

"गुडघ्यांनी बघतोस का रे तू?"

लोक खदखदून हसले. व्हर्लही हसला आणि त्याने तिनेच आणलेल्या अ‍ॅपल पायचा दुसरा तुकडा ताटात घेतला. तिला ते टेबल त्याच्या अंगावर उलथावंसं वाटलं.

ऑक्टोबरात डुकरांनी आठवडाभरात सगळं रान उकरलं. निम्म्या मेंढ्या विकाव्या लागल्या. वर कचेरीचं पत्र आलं: तुमची योजना अपुरी आहे, सुधारून द्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

वसंतात कचेरीतून फोन आला.

"बाई, यंदा तुमच्या जमिनीत डुकरं दिसली का हो?"

खिडकीतून तिला ताजी उकरलेली माती दिसत होती आणि त्या मातीत तोंड खुपसलेली तीन डुकरं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "तिकडे जातंय कोण? गुडघे दुखतात माझे."

"मग उत्तम! तुमची फाईल बंद करतो. सहकार्याबद्दल आभारी आहे."

दोन वर्षांत त्या कचेरीने तिचे पहिल्यांदाच आभार मानले होते. आपला आवाज हुबेहूब व्हर्लसारखा निघाला, याची तिला इतकी चीड आली की फोन तिने ठेवला नाही, आपटला.