अंगणातून तपासणी

थोरली बहीण बाळंत होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा तिच्या छातीत गाठ धरली. अंग तापाने फणफणलं. पोराला पाजायला घेतलं की ती पदराचा बोळा तोंडात कोंबायची. गावातले उपाय सरले. भावजी मुंबईला गिरणीत, म्हणून मीच तिला बैलगाडीत घालून रत्नागिरीला नेलं.

तिथल्या एका डॉक्टरचं नाव मोठं. सभेत तो गरिबांच्या सेवेवर बोलायचा म्हणे. सेवा करायला गरीब मात्र त्याला अंगणात, हाकेच्या अंतरावर उभे लागत. आमच्या जातीने त्याची ओटी चढायची नाही. ओटीवर बाकं टाकलेली, त्यांवर वकील आणि बागाईतदार पान चघळत बसलेले. त्यांच्यात बसूनच तो ओरडला, "काय होतंय तिला? मोठ्यानं बोल!"

बहिणीने एकवार त्या पुरुषांकडे पाहिलं. "पोटात दुखतं," ती म्हणाली.

मी तोंड उघडणार, तोच तिने माझा दंड आवळला. डॉक्टरने मान वर केली नाही. कंपाउंडरने आमच्या बाटलीत वरूनच औषध ओतलं.

"कच्चंपक्कं काहीतरी खातात आणि इथे येतात," डॉक्टर वकिलाला म्हणाला. ओटी खदखदून हसली. एवढीच त्याची विद्या!

मांडवीला मावशीकडे उतरलो होतो. तिथे मी बहिणीवर चिडले.

"एवढ्या पुरुषांत छाती म्हणू गो?" ती रडत म्हणाली. "जरा बाजूला घेऊन हळू विचारलं असतं, तर सांगितलं नसतं होय?"

दुसऱ्या सकाळी मी एकटीच त्या अंगणात उभी राहिले आणि सगळं मोठ्याने सांगितलं.

"मग काल खोटं का बोलली?" तो खेकसला. "अडाणी ती अडाणीच!"

"तुमच्या घरची बाई इथे अंगणात उभी करा," मी म्हटलं, "आणि ह्या सगळ्यांसमोर विचारा. बघू ती काय सांगते."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. गड्याने मला हाकललं.

मग मावशीने सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे नेलं. त्यांनी बहिणीला आत घेतलं, दार लोटलं, खाटेवर बसवलं आणि विचारलं, "कुठे दुखतं गो बाय?" बहिणीने पदर बाजूला केला. त्यांनी हात लावून गाठ पाहिली. गळू फोडल्यावर बराच वेळ त्यांनी तिचा हात हातात धरला होता.

त्या बाजूचं दूध कायमचं आटलं. पोर दुसऱ्या बाजूवर वाढलं, चांगलं दांडगं झालं. गळू किती मोठं होतं, कसं फोडलं, हे बहिणीने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायची ती एवढंच, "बाईंनी मला बसवलं, गो. आणि विचारलं."

डॉक्टरचा पुढे रत्नागिरीकरांनी सत्कार केला, शाल घातली. घालोत बापडे. आमच्या वाडीतल्या बायका आजारी पडल्या की नर्सबाईंकडेच जायच्या, आणि वाट लांबची असली तरी चालत जायच्या.