सर्चमधली निळी ओळ

आमच्या कोल्हापुरात पाटी रंगवायची म्हटलं की वर आधी देव, मग वडिलांचं नाव, मग मालकाचं, आणि जागा उरलीच तर धंदा. त्यात कुणाला काही खटकत नाही. गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत असतं, पाटी वाचून दुकानात शिरतंय कोण? आमच्या घरच्या लग्नपत्रिकेवरही वर ‘नमो बुद्धाय’ असतं आणि मग नवरा-नवरी येतात. तेव्हा मी जे सांगणार आहे त्यात दुसऱ्याला हसायचं तोंड मला नाही.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या दशकातली ती शेवटची वर्षं. पेपरात मंदी मंदी म्हणून छापून येत होतं, पण ती शिरोली एमआयडीसीत येईपर्यंत आमच्या घरात कुणी ते पान उघडत नव्हतं. माझे वडील शिरोलीतल्या एका छोट्या फौंड्रीत मोल्डर होते. मातीत साचा धरायचा, त्यात लोखंडाचा रस ओतायचा, हे त्यांचं काम. मी जन्मले त्याच्याही आधीपासून ते तिथंच. मालक वारले तेव्हा त्यांच्या बायकोनं फौंड्री चालवायला घेतली. वडील त्यांना मालकीणबाई म्हणायचे आणि मी काकू. ज्या मोठ्या कंपनीचं काम वर्षानुवर्षं यायचं, ती कंपनी एका महिन्यात गप्प झाली. काकूंनी वडिलांना सांगितलं, “मिस्त्री, दिवाळीपतूर बघतो. काम आलं तर आलं, न्हाईतर भट्टी बंद.”

वडिलांनी हे घरी सांगितलं ते भाकरी मोडता मोडता, उद्या नळाला पाणी येणार नाही असं सांगावं तसं. पन्नाशी ओलांडलेली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जायचं तर तिथं आयटीआय झालेली पोरं रांगेत उभी. या माणसाला वाळूशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही शिकायची इच्छाही नव्हती. आईनं ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, “जेवा आधी.” मी ताट बाजूला सारलं. असा राग आला म्हणून सांगू, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना.

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर माझी एक खोली होती. तिथं बसून मी क्लासवाल्यांच्या, डॉक्टरांच्या वेबसाइट बनवायची. काकूंच्या फौंड्रीचीही मीच बनवली होती. काकूंनी पाटीवरचा मजकूर दिला, मी तो जसाच्या तसा चढवला. सगळेच तसं करायचे. आता मी ती साइट सर्चमध्ये शोधून काढली. सर्चमध्ये प्रत्येक साइटची वर एक निळी ओळ दिसते, आणि बघणारा त्या ओळीवरून ठरवतो, दाबायचं की पुढं जायचं. आमची ओळ इंग्रजी अक्षरांत अशी होती: ‘श्री अंबाबाई प्रसन्न, कैलासवासी तीर्थरूप...’ आणि पुढं तीन टिंबं. जागा संपली! फौंड्री हा शब्द त्या टिंबांच्या पलीकडं राहिला होता. जगातल्या कुठल्या माणसानं कशासाठी ते दाबायचं? एखाद्याला वाटावं, निधनाची बातमी आहे.

दुसऱ्या दिवशी शिरोली गाठली. काकू ऑफिसात चहा पीत बसल्या होत्या. मी सांगितलं, वरच्या ओळीतून हे सगळं काढायचं.

“देवीला काढतीस व्हय ग? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?”

“काढत न्हाय काकू. आत घेतो. तुमच्या घरात देवी कुठं असती? देव्हाऱ्यात, आत. दारात उभी राहून ती पावण्यांना पत्ता सांगती काय?”

वडील दारात उभे होते, कोपरापर्यंत काळे. मला वाटलं, आता मला ओरडणार. पण ते म्हणाले, “पोरगी तोंडानं तिखट हाय मालकीणबाई, पर बोलती त्यात काय खोटं न्हाय.” काकूंनी बशी खाली ठेवली, भिंतीवरच्या तसबिरीकडं बघून हात जोडले आणि मला म्हणाल्या, “कर. पर आतला फोटू मोठा लाव.”

लावला. चांगला पानभर लावला.

मग माझी परीक्षा सुरू झाली. सर्चवाले साइटच्या मालकाला एक रिपोर्ट फुकट बघायला देत. लोकांनी काय लिहून शोधलं, आपली ओळ किती जणांना दिसली आणि त्यातल्या किती जणांनी दाबली, हे त्यात कळायचं. पद्धत साधी. एका वेळी ओळीतली एकच गोष्ट बदलायची, थोडे दिवस थांबायचं, आकडा बघायचा. आमटी बिघडली की आई करते तेच. मीठ आणि तिखट एकदम टाकलं तर कशानं सुधारली ते कळणार नाही.

पहिली ओळ लिहिली ती मोठी झोकात: उत्तम दर्जाचं ओतकाम, वाजवी दर. दिसली पुष्कळांना, दाबली जवळजवळ कुणीच नाही. मग त्यात कोल्हापूर घातलं. म्हटलं, आपलं नाव मोठं! कोल्हापूरचा अभिमान कोल्हापुरातच बरा, बाहेरच्याला त्याचं काय? आकडा तिथंच. वडील रोज संध्याकाळी विचारायचे, “शिजली का ग तुझी ओळ?” चेष्टा करायचे, पण विचारल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत.

एका दुपारी मी आकडे बघायचं सोडून दिलं आणि लोकांनी शोधताना काय लिहिलंय तेच नुसतं वाचत बसले. मोडकं तोडकं इंग्रजी. जुनं इंजिन, बाजूचा भाग तुटला, कुठं मिळेल. कंपनी बंद झाली, तिचे सुटे भाग. ओतकाम फक्त एक नग कोण करतं. जुन्या छापखान्याचं चाक फुटलं, दुसरं पाहिजे.

मी वाचतच राहिले. अंगावर काटा आला हो! इतके दिवस मी ओळीवर ओळ लिहून लोकांना ओरडून सांगत होते, आम्ही असे, आम्ही तसे. आणि ही माणसं कुठल्या कुठं बसून, बंद पडलेल्या मशीनसमोर, सर्चच्या कोऱ्या रकान्यात आपलं दुखणं सांगत होती. तिथं कुणी थाप मारत नाही, नमस्कार-चमत्कार करत नाही. आपल्या मनाशी बोलावं तसं लिहितात. ते बोलणं राजारामपुरीतल्या माझ्या खोलीपर्यंत ऐकू येत होतं. खाली दवाखान्यात कुणाचं तरी पोर रडत होतं, रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते, आणि मी तोंड उघडं टाकून बसले होते. एवढी मोठी गोष्ट इतक्या साध्या पानावर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढची ओळ मग मला जुळवावी लागलीच नाही. त्यांचीच होती, मी फक्त उत्तर जोडलं, तेही त्यांच्यासारख्याच साध्या इंग्रजीत: ‘जुन्या मशीनचा भाग मिळत नाही? तुटलेला पाठवा, एक नगसुद्धा ओतून देतो.’

ती घेऊन काकूंकडं गेले तर त्या ताडकन उभ्या राहिल्या. “एक नग? आमी काय स्टोव्ह रिपेर करतोय काय? ह्यांनी हजारानं माल काढला ह्या भट्टीतनं. शिरोलीत तोंड दावायला जागा ठेवशील का न्हाय?”

फौंड्रीवाल्यांत ते खरंच कमीपणाचं होतं. नग जितके जास्त तितकी फौंड्री मोठी. एकेक नग करणारा म्हणजे गल्लीतला दुरुस्तीवाला. वडिलांची मान खाली गेलेली मी बघितली आणि माझं टाळकं सटकलं.

“मग विझवा दिवाळीला भट्टी! आणि बसा पाटी पुसत!”

“तोंड सांभाळ,” वडील म्हणाले. बाहेर थंड पडलेल्या भट्टीवर एक कावळा येऊन बसला होता. काकूंनी त्याच्याकडं बघितलं. मग वडिलांना म्हणाल्या, “मिस्त्री, तुटक्या भागावरनं साचा हुतोय काय?”

“हुतोय की. तुकडं जुळवायचं, लोखंड थंड हुताना आकसतंय तेवढं माप वर चढवायचं. येळ लागतोय, पर हुतोय.”

“लाव ग तुझी ओळ. कोण हसलं तर तुझं नाव सांगीन.”

नवी ओळ सर्चमध्ये दिसायला आठवडा गेला. त्यानंतर रिपोर्ट उघडला आणि मला वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाची साइट उघडली. फौंड्री तीच, पान तेच, सर्चमधली जागाही तीच. बदलले होते ते दहा-बारा शब्द. आणि माणसं दाबत होती! मी पान बंद केलं, परत उघडलं. पळत खाली दवाखान्यात जाऊन फौंड्रीत वडिलांना फोन लावला आणि मला बोलायलाच येईना. ते घाबरले. “काय झालं? आई बरी हाय न्हवं?”

“दाबायलेत बाबा. लोक दाबायलेत.”

मग काकूंचा फोन वाजायला लागला. आसामातला चहाचा मळा. इंदूरचा जुना छापखाना. कोकणातली भाताची गिरण. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: “खरंच एक करता?” काकू सुरुवातीला दबक्या आवाजात व्हय म्हणायच्या. नंतर नंतर ऑफिसाबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तुटके भाग पार्सलनं यायला लागले. कुणी गोणपाटात बांधलेला, कुणी जुन्या लुगड्यात, एकानं तर बाळाच्या दुपट्यात गुंडाळून पाठवला होता. वडील एकेक सोडायचे, हातात घेऊन फिरवून बघायचे. असलं लोखंड त्यांनीही कधी बघितलं नव्हतं.

पण घोर संपला नव्हता. दोन-चार नगांसाठी भट्टी पेटवता येत नाही, परवडत नाही. साचे साठेपर्यंत थांबायचं, आणि दिवाळी तर तोंडावर आली. वडील रोज एखादा साचा धरून ठेवायचे आणि घरी येऊन सांगायचे, अजून अर्धी जागा मोकळी हाय. मी दर तासाला रिपोर्ट उघडायची. आकडा वाढला तरी लोखंड येईलच असं थोडंच होतं?

वसुबारसेच्या सकाळी काकूंचा निरोप आला, तुम्ही दोघं या. गेलो. काकू साच्यांमधनं फिरत होत्या, पदर खोचून. जमीन भरली होती. एकासारखा दुसरा नाही, लहान, मोठे, वाकडे, तळहाताएवढे, पाटाएवढे. भट्टी पेटलेली होती. आम्हाला न सांगता बाईंनी पहाटेच पेटवली होती.

मोल्डरची पोरगी असून रस ओतताना मी कधी बघितलं नव्हतं. बायका-पोरींना तिथं उभं राहू देत नसत. त्या दिवशी काकूंनी माझा दंड धरून मला भिंतीशी उभं केलं. रस आला तेव्हा सगळी शेड उजळली. वडील आणि बाकीचे मोल्डर एका साच्यावरून दुसऱ्या साच्यावर सरकत होते, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, हा आसामचा, हा इंदूरचा, हा त्या दुपट्यातला. कुठं कुठं कोण कोण एक ओळ वाचून थांबलं होतं, आणि त्यांच्यासाठी इथं लोखंड पाण्यासारखं वाहत होतं.

ओतून झालं. काकूंनी कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

“मिस्त्री, पाडवा झाला की कामाला किती वाजता येताय?”

“नेहमीच्या टायमाला, मालकीणबाई,” वडील म्हणाले. आणि मग ते तिथंच वाळूत खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि कामावरच्या पोरांसमोर, माझ्यासमोर, हुंदके देऊन रडायला लागले.