साडूंनी मला न दिलेलं काम

आखातात आजवर जेवढी म्हणून मराठी माणसं उतरली, त्यांत माझ्या साडूंइतका अव्यवहारी माणूस दुसरा उतरलेला नाही. एखादा उतरलाच, तर इथला पहिला उन्हाळा त्याला शहाणा करून सोडतो. साडूंनी इथे कितीतरी उन्हाळे काढले आणि जसे आले तसेच राहिले. मी इचलकरंजीहून आलो तेव्हा माझ्याजवळ एक रंधा आणि एका मामेभावाचा पत्ता होता, आणि आज शारजात माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. साडू आले कंपनीच्या तिकिटावर, विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायला. माझी बायको थोरली, त्यांची धाकटी. आमच्या सासूबाई तशा न्यायी आहेत. माझा विषय निघाला की त्या म्हणतात, "थोरले जावई फार कर्तबगार." साडूंचा निघाला की "आमचे धाकटे जावई" एवढंच म्हणतात आणि हसतात. आता त्या हसण्याच्या बरोबरीला येईल असं कुठलं कर्तृत्व बाजारात मिळतं, ते मला कोणीतरी सांगावं.

साडूंना नुसता भाव करता येत नाही एवढंच नाही, त्यांना दुसऱ्याने केलेलाही सोसत नाही. एकदा शारजाच्या मासळी बाजारात मी एका सुरमईसाठी घाम गाळत होतो. साठ दिरहॅमवरून चाळीसवर आणली होती, चाळीस म्हणजे आपले नऊशेच्या वर रुपये, आणि मासळीवाला आता मान डोलावणार, तेवढ्यात साडू मागून शांतपणे म्हणाले, "साठ काही जास्त नाहीत हो साडूभाऊ, माशाकडे बघा तरी." मासळीवाल्याला शब्दन् शब्द कळला, तो रत्नागिरीचाच निघाला. साठ मोजून मी घरी आलो आणि त्या सुरमईचा काटा माझ्या घशात अजून आहे.

त्यांची दुसरी खोड म्हणजे डोळे मिटून ऐकणं. समोरचा बोलायला लागला की हे डोळे मिटतात. झोपत नाहीत, आवाज ऐकतात. माणूस काय बोलतो यापेक्षा त्याचा आवाज कुठवर पोचतो याची त्यांना चिंता. एकदा गाडी जळालेला एक गृहस्थ त्यांच्या ऑफिसात दावा घेऊन आला आणि बोलता बोलता रडला. साडूंनी त्याचं सगळं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "खर्जात तुमचा आवाज फार सुरेख लागतो." त्या माणसाला शांत करायला मॅनेजरला केबिनबाहेर यावं लागलं. दातांच्या डॉक्टरला त्यांनी तोंडात कापूस असताना खुणेने सांगितलं की तुम्ही चुकीच्या धंद्यात आहात.

आणि माझ्या आवाजाबद्दल? आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक नाटकात मुख्य काम नेहमी माझं असायचं. सेटही माझ्या वर्कशॉपचा, हे मी सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. एका वर्षी मी असा करारी बाप उभा केला की पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. प्रयोगानंतर लोक मिठ्या मारत होते. साडू आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमचं सगळं ऐकू आलं." एवढंच. मी वर्षभर त्या वाक्यात कुठे स्तुती सापडते का ते शोधत होतो.

मग ते वाईट वर्ष आलं. टॉवर अर्ध्यावर थांबले, क्रेन नुसत्या उभ्या राहिल्या, माझ्या वर्कशॉपमधली निम्मी माणसं गावी गेली. जाहिराती देणारे मंडळाचे फोन उचलेनात, तेव्हा कमिटीने ठरवलं की यंदा नाटक नाही. त्याच आठवड्यात साडूंना नोकरीतून कमी केल्याची नोटीस मिळाली. तीन महिने, मग व्हिसा खलास. शहाण्या माणसाने अशा वेळी चार ठिकाणी अर्ज टाकले असते. साडू कमिटीपुढे आले आणि म्हणाले, "हॉलची तारीख सोडू नका. नाटक मी करतो. जायच्या आधी एकदा करायचंच आहे."

नाटक त्यांनीच लिहिलेलं होतं. परदेशातून पुष्कळ वर्षांनी ट्रंक घेऊन घरी परतलेला बाप, आणि त्याच्या पाठीमागे वाटण्या झालेलं घर. कमिटीला पटलं. तारीख त्यांच्या नावावर झाली, आणि मग साडूंनी नटांची यादी वाचली. त्यांत एक बिल्डिंगचा वॉचमन, एक कार्गोवाला, एक सलूनमधली बाई, एक जिममधला ट्रेनर. कोणी युगांडाचा, कोणी नायजेरियाचा, केनियाचा, कॅमेरूनचा. सगळे आफ्रिकन, सगळे काळे. आपला एकही नाही. हे कसं सुरू झालं, तर त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गॉडफ्री नावाचा युगांडाचा वॉचमन एका लँडक्रूझरवाल्याला झापत होता, आणि साडू चौथ्या मजल्यावर डोळे मिटून उभे राहिले. माईक नाही, काही नाही, आणि शब्दन् शब्द चौथ्या मजल्यावर. लँडक्रूझर हलायच्या आत साडूंना त्यांचा बाप मिळाला होता.

कमिटीत गदारोळ झाला. मंडळ मराठी, लेखक मराठी, बघणारे मराठी आणि स्टेजवर एकही मराठी माणूस नाही? भाषा कुठली? तर इंग्रजी, मधेमधे हिंदी, आणि चिडले की ज्याची त्याची. असलं काही दुबईतल्या आमच्या ऊद मेथाच्या हॉलमध्ये कधी झालं नव्हतं. मी शांतपणे तडजोड सुचवली. म्हटलं, बाकीचे सगळे तुमचे राहू देत, बापाचं काम तेवढं मी करतो, सेट फुकट. असा सौदा मी आयुष्यात कोणाला दिलेला नाही.

साडू म्हणाले, "नको, साडूभाऊ. आपला एक जरी माणूस मधे उभा राहिला ना, तर लोक त्यालाच मालक समजतील आणि बाकीच्यांना त्याचे नोकर. मग ते घर त्यांचं राहणार नाही."

त्यावर मी बोललो, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सेट मात्र मीच दिला. का दिला म्हणाल, तर सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. तालमी पहाटे, रात्रपाळी संपली की, जिममागच्या एका रिकाम्या खोलीत. मी मापं घ्यायला गेलो तर हा गॉडफ्री मला विचारतो की बापाची खुर्ची कुठली. मी प्लॅस्टिकची दाखवली. तो म्हणाला, माझ्या बापाकडे एकोणीस शेळ्या होत्या, तो प्लॅस्टिकवर बसत नव्हता. मी म्हटलं, लाकडी देतो, बिनहाताची. तो म्हणाला, हातवाली, आणि पाठ उंच. मी पाठ दिली, हात कापले. त्याने हात घेतले, पॉलिश सोडलं. मी उठून निघालो. त्याने मला जाऊ दिलं. दारापर्यंत जाऊन मीच परत आलो. सबंध दुबईत माझ्यावर कोणी ही वेळ आणली नव्हती. शेवटी उंच पाठीची, हातांची, पॉलिश केलेली सागवानी खुर्ची त्याला मिळाली, आणि जाताना साडूंना तो म्हणाला, "युअर ब्रदर इज अ गुड मॅन, बट ही गेट्स टायर्ड."

प्रयोगाला तीन दिवस उरले आणि गॉडफ्रीच्या कंपनीने त्याची बदली रुवैसला केली. रुवैस म्हणजे अबुधाबीच्याही पलीकडे, रिफायनऱ्यांचं गाव. तिथे एका थांबलेल्या प्रोजेक्टच्या यार्डाच्या फाटकावर त्याला बसवलं. कंपनीत माणसं कमी केलेली, सुटी द्यायला बदली माणूस नाही. साडूंनी बातमी ऐकली आणि डोळे मिटले. कोणी बोलत नसताना त्यांनी डोळे मिटलेले मी तेव्हाच पाहिले. तारीख पुढे ढकलायची तर त्यांचा व्हिसा पुढे सरकणार नव्हता. दुसऱ्याला बसवायचं तर तीन दिवसांत बाप कुठून आणायचा? कमिटीचे लोक हळहळत होते आणि आतून खूश होते. अरेरे, काय नाटक झालं असतं.

ते "झालं असतं" ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. हे नाटक रद्द झालं, तर ते कायमचं उत्तम होणार. न झालेल्या नाटकात कोणाचं वाक्य चुकत नाही. पुढची वीस वर्षं प्रत्येक गणपतीत मला ऐकावं लागणार की आमच्या मंडळात एक नाटक होता होता राहिलं, आणि सासूबाई हसणार. छे. पडायचं असेल तर लोकांसमोर पडू दे. मी पिकअप काढली आणि थेट रुवैस गाठलं.

त्या यार्डात माझंही बरंच प्लायवूड अडकून पडलं होतं, त्यामुळे सुपरवायझर ओळखीचा. मी त्याला चहा पाजला, दोस्ती काढली, आवाज चढवला, उतरवला, पुढच्या कामाची आशा दाखवली. तो प्रत्येक वेळी एकच सांगायचा, "सेठ, गेट खाली नहीं छोड़ सकता." शेवटी मी म्हटलं, एक माणूस, एक दिवस, कोणीही चालेल? तो म्हणाला, "माल तो अंदर आपका ही पड़ा है. आप ही बैठ जाओ." मला वाटलं थट्टा करतोय. मीही थट्टेत म्हटलं, "यल्ला, खलास," म्हणजे चला, ठरलं. आणि त्याने हात पुढे केला. सौद्यात हात दिला की मी मागे घेत नाही, हा माझा नियम आहे, आणि त्याला तो माहीत होता.

घरी मी सांगितलं की रुवैसला तातडीचं काम आहे, पण तिकडून परस्पर हॉलवर येईन, मागे उभा राहून बघेन. साडूंना तेवढं खरं सांगावं लागलं, कारण पिकअप त्यांच्याकडे जाणार होती. प्रयोगाच्या दिवशी दुपारी गॉडफ्री माझ्या ड्रायव्हरबरोबर दुबईला गेला आणि मी त्याच्या केबिनमध्ये बसलो. ट्रक येत होते. मी फाटकाचा बांबू वर करायचो, खाली करायचो. यात माझ्या चांगल्या परिचयाचा एक ठेकेदारही आला. त्याने काच खाली न करता हॉर्न दिला आणि गेला. घाबरून मी तोंड वळवलं होतं, पण त्याची काही गरज नव्हती. दिवसभरात एकानेही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

साडूंचा नियम असा की हॉलमध्ये फोन बंद, चित्रण तर नाहीच. त्यामुळे मध्यंतरापर्यंत मला काही कळलं नाही. मध्यंतरात बायकोचा मेसेज आला, "अहो, कुठे उभे आहात? काय काम करतोय तो माणूस! खुर्चीत बसतो तेव्हा अंगावर काटा येतो." मी लिहिलं, "बघतोय. दुसरा अंक संथ असेल." मग पुन्हा शांत. मी त्या केबिनमध्ये बसून एक वाळवंट बघत होतो, आणि तिकडे माझ्या खुर्चीत बसून कोणीतरी आमच्या लोकांना रडवत होतं.

फटफटीत उजाडल्यावर पिकअप आली. गॉडफ्री उतरला, गणवेशाची बटणं लावली आणि मला खुर्चीतून उठायची खूण केली. साडूही बरोबर आले होते. मी विचारलं, "कसं झालं?" ते म्हणाले, "झालं." आणि परतीच्या सबंध रस्त्यात तोंड उघडं टाकून झोपले. एवढा रागीट माणूस मी, पण झोपलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

घरी मुलगी म्हणाली, "बाबा, आय फरगॉट आय वॉज इन अवर हॉल. यू सॉ इट, राइट?" मी म्हटलं, मागे उभा होतो. मंडळातही तेच सांगितलं. दुसरं सांगणार काय? नाटक मी वाचवलं म्हणायचं, तर दिवसभर चौकीदारी केली तेही सांगायला हवं. साडूंच्या निरोपसमारंभात कोणीतरी मला चिडवलं की स्वतःला काम नाही मिळालं म्हणून तुम्ही आलाच नसाल. मी काही बोलायच्या आत साडू म्हणाले, "आले होते की. मी विंगेतून बघितलं ना, मागच्या दाराशी उभे होते." तेवढ्यासाठी तरी मी त्यांना माफ करायला हवं होतं.

आता साडू नाशकात आहेत, गॉडफ्री कंपालाला परत गेला, बाकीचे कुठे कुठे. तो प्रयोग पुन्हा झाला नाही. लोक मात्र अजून त्याच्याबद्दल बोलतात, आणि मीही ऐकून ऐकून इतका तयार झालोय की शेवटचा प्रसंग करून दाखवतो. बाप ट्रंक उचलतो, दाराशी जातो. गेल्या दिवाळीच्या फराळाला यावरूनच वाद लागला. दारातून बाहेर पडताना बाप मागे वळून बघतो की नाही? निम्मे म्हणाले बघतो, निम्मे म्हणाले नाही, तसाच जातो. कोणीतरी साडूंना फोन लावला, स्पीकरवर टाकला.

साडू म्हणाले, "साडूभाऊंना विचारा ना. ते दाराशीच होते. तिथून स्पष्ट दिसलं असेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "बघितलं. एकदाच, पण बघितलं."

मग साडू हळूच म्हणाले, "बरोबर. बघितलं त्याने."

वाद मिटला, चकल्या फिरल्या. पण तो खरोखरच वळला होता की साडूंनी माझ्यासाठी त्याला वळवला, हे मला आजवर कळलेलं नाही. आणि विचारणार तरी कोणाला?