राणीची अर्धी कबुली

ई-मेल गटातल्या सगळ्यांना,

आज दुपारी धुळ्यात स्पर्धेत आमचं नाटक झालं. मी प्रकाशयोजना सांभाळते. राणीचं काम मालतीकडे आहे. ती नर्स आहे आणि दर रविवारी पिंपळनेरहून बसने तालमीला यायची.

नाटकातली राणी सेनापतीवर जीव टाकते आणि गादीसाठी त्यालाच विष देते. शेवटी भर दरबारात ती दोन्ही कबूल करते. त्या कबुलीसाठीच मालतीने ही भूमिका घेतली होती.

प्रयोगाला पिंपळनेरहून जवळजवळ सगळं गाव आलं होतं. प्रयोगाआधी तासभर तिचे सासरे, नाना, मेकअपच्या खोलीत आले.

"जहर दे, काही हरकत नही. पन परका मानूसवर जीव शे, हाई बठ्ठा गावसमोर बोलू नको."

"नाना, नाटक शे ते."

"गावले कोन सांगी?"

दिग्दर्शकांनी वाद टाळला आणि प्रेमाची सगळी वाक्यं खोडली. माझ्या कागदावरचे तीन प्रकाशबदलही गेले. मीही ते खोडले.

उरलेलं काम मालतीने चोख केलं. नंतर परीक्षक तिला म्हणाले, "राणी नुसतीच क्रूर वाटली. तिला मनही आहे, हे दिसायला हवं होतं."

"हो सर," मालती म्हणाली. शेजारी दिग्दर्शकांनी मान डोलावली.

नाना मात्र खूश होते. त्यांनी सुनेला कौतुकाने सांगितलं, "मस्त मारं त्याले."

वाक्यं खोडली गेली तेव्हा मेकअपच्या खोलीत आम्ही सात जण होतो आणि कुणीच बोललं नाही. आठवे तुम्ही असता, तर बोलला असता का?