चौदाशे पानं, एक पट्टा

छापखान्यात तिला सगळे वेलांटी म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण हाक मारताना ते कुणाला आठवत नसे. तेवीस वर्षं तिने तिथे मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिला पान हातात घेण्याआधीच दिसते, असं खिळे जुळवणारे जुळारी म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत.

त्या तेवीस वर्षांतली एक गोष्ट तिच्या मनातून गेली नव्हती. औषधाबरोबर द्यायच्या पत्रकात एका जुळाऱ्याने गोळ्यांचा आकडा चुकवला होता. दिवसाला एकच्या जागी तीन. तिने तो पकडला आणि तडक जाऊन छापखान्याच्या मालकाला सांगितला, सगळ्यांच्या देखत. पत्रक दुरुस्त झालं. पुढच्या आठवड्यात जुळाऱ्याला घरी बसवलं. त्याची एकोणीस वर्षं झाली होती तिथे. पुढे तो बाजारात दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. तिचं काही चुकलं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ते ठाऊक असण्याचा उपयोग काय, हे मात्र तिला कधी कळलं नाही.

छापखाना बंद झाला तेव्हा ती सत्तेचाळीसची होती. दोन महिने घरी काढले आणि मग शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या एका दुकानात तिला काम मिळालं. दुकानाची वेबसाइट होती, तिच्यावर चौदाशे पानं होती, आणि त्या पानांवरच्या लिखाणाची पार दैना होती. ते सुधारायला माणूस हवा होता.

दुकान लांब आणि अरुंद. दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतल्या वस्तूचा एक नमुना तारेने बांधलेला. मालक सत्तरीच्या पुढचे, सगळे त्यांना काका म्हणत. स्क्रू नुसता बोटांत फिरवून तो कुठल्या मशीनचा ते सांगायचे. मागे अर्ध्या भिंतीपलीकडे त्यांच्या जावयाचं टेबल होतं. नोकरी सोडून तो दुकानात आला होता आणि वेबसाइट त्यानेच उभी केली होती. पहिली काही वर्षं लांबलांबून फोन यायचे. मग त्याने सगळी पानं नव्या पद्धतीने मांडली, आणि पाच महिन्यांत फोन जवळजवळ थांबले.

यावर दोघांची दोन मतं होती. काका म्हणायचे, "जावईबापूंचे फोटो बघून कोण घेणार? सुई आहे का खिळा, कळत नाही." जावई म्हणायचा, लोक आता मशीन दुरुस्त करत नाहीत, फेकून देतात. काकांची मुलगी काहीच म्हणायची नाही. दोघांच्या ताटात एकाच वेळी वाढायची आणि स्वतः मागून जेवायची.

पानामागचा मजकूर, म्हणजे वाचणाऱ्याला न दिसणारा भाग, कसा उघडायचा ते जावयाने तिला पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं. हव्या तेवढ्या ओळी दुरुस्त करून बाहेर पडायचं, इतकंच काम. पण तिची सवय वेगळी. छापखान्यात ती पानाच्या तळाची, मुद्रकाच्या पत्त्याची ओळसुद्धा वाचायची. इथेही तिने वरपासून खालपर्यंत वाचायला घेतलं.

नवव्या दिवशी बॉबिन केसच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीच्या, पानामागे तिला एका पानाचा पत्ता दिसला. तो बॉबिन केसचा नव्हता, पायमशीनच्या पट्ट्याचा होता. असेल काही व्यवस्था, म्हणून तिने पुढचं पान उघडलं. सुयांच्या पानामागेही पट्टा. हातचाकामागे पट्टा, दिव्यामागे पट्टा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने चाळीस पानं पाहिली होती.

त्या ओळीला कॅनॉनिकल म्हणतात, हे तिने पुढच्या दोन दिवसांत वाचून काढलं. एकच मजकूर दोन-तीन पत्त्यांवर असेल, तर त्यातलं मूळ पान कुठलं, हे सर्च इंजिनला सांगणारी ती ओळ. इथे चौदाशे पानं एका सुरात सांगत होती की आम्ही नकला आहोत, मूळ तो पट्टा. सर्च इंजिन अशी ओळ दर वेळी मानतंच असं नाही, पण इथे बहुतेक ठिकाणी मानली होती. नकला कशाला दाखवायच्या, म्हणून त्याने त्या बाजूला सारल्या होत्या.

संध्याकाळी भाजी निवडताना तिने नवऱ्याला सांगितलं. तो घरोघरचे विजेचे मीटर वाचायचा आणि फारसं मनावर घेणाऱ्यांतला नव्हता.

"मग सांग ना मालकाला," तो म्हणाला.

"मालक जावयाला आधीच टोचून बोलतात."

"म्हणजे आता भाला मिळेल." तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "तो जुळारी आठवला का?"

ती शेंगा मोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी काका बाहेर गेल्यावर ती जावयाच्या टेबलापाशी गेली आणि चाळीस पानांची यादी पुढे ठेवली. त्याने ती नीट वाचलीही नाही.

"ताई, तुम्हाला शुद्धलेखनासाठी घेतलंय."

"हो. ही ओळ पण अशुद्धच आहे."

तो लाल झाला. साइटला आतून किती गोष्टी लागतात, कुठली ओळ कशासाठी असते, हे त्याने मोठ्या आवाजात दहा मिनिटं सांगितलं. ती ऐकून आपल्या जागी जाऊन बसली. यादी तिथेच राहिली.

सकाळी ती आली तर तो आधीच येऊन बसला होता. यादीवर त्याच्या हाताच्या खुणा होत्या.

"पट्ट्याचं पान मी सगळ्यात आधी केलं," तो म्हणाला. "त्याचीच नक्कल करून बाकीची बनवली. ती ओळ तशीच राहिली."

"असं होतं."

"पाच महिने, ताई." त्याने यादी उलटी करून ठेवली. "काकांना सांगितलंत?"

"नाही."

"मग मी गुपचूप बदलतो. प्रत्येक पानामागे त्याचा स्वतःचा पत्ता. एका दिवसाचं काम आहे."

"तेवढ्याने भागणार नाही," ती म्हणाली. तिने पानं वाचली होती. एकच भाग चार मशीनच्या नावांनी चार पानांवर होता. चारही पानांनी स्वतःला मूळ म्हटलं, तर ती आपसातच भांडत बसणार. "खरोखर एकच वस्तू कुठली आणि नुसती सारखी दिसणारी कुठली, हे ना तुम्हाला माहीत, ना मला. काकांनाच माहीत."

जावयाने डोकं धरलं. पण काका आल्यावर तो स्वतःच उठून त्यांच्यापाशी गेला आणि सगळं सांगितलं. काकांनी हातातला खण ढकलून बंद केला.

"पाच महिने मी फोटोंना शिव्या घालतोय."

"फोटोही वाईटच आहेत," जावई म्हणाला.

काका हसले नाहीत. "शोधलं कुणी?"

"ताईंनी."

काका तिच्याकडे वळले. "मला का नाही सांगितलंत?"

"पानं त्यांनी केलीत," ती म्हणाली. "आधी त्यांना सांगायला हवं होतं."

काका खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "बरं. काय करायचं ते सांगा."

पुढचे अकरा दिवस दुपारी तिघं एका टेबलाशी बसले. जावई पानं उघडायचा, काका खणातून वस्तू काढून शेजारी शेजारी ठेवायचे, ती लिहून घ्यायची. दोन बॉबिन केस फोटोत जुळ्या दिसत होत्या. काकांनी एकीच्या कडेची बारीक खाच नखाने दाखवली. "ही सख्खी नाही, चुलत आहे. वेगळं पान ठेवा." एका स्क्रूची तीन पानं निघाली तेव्हा म्हणाले, "एकच बाई आहे, तीन घरी तीन नावांनी राबतेय." तिसऱ्या दिवसापासून जावईच विचारायला लागला, "सख्खी का चुलत?" सहाव्या दिवशी दोघांची दोन पट्ट्यांवरून जुंपली. एकच आहेत, काका म्हणाले. जावयाने मोजपट्टी आणली. दोन बोटांचा फरक निघाला. काकांनी पट्टे उचलून दोन वेगळ्या खणांत टाकले.

शेवटी आठशे साठ पानं मूळ ठरली. उरलेल्यांच्या मागे आपापल्या मुळाचा पत्ता गेला. मग तिने सगळे पत्ते अक्षर-अक्षर तपासले. दोनशे बारा ठिकाणी गडबड होती. कुठे शेवटची तिरकी रेघ जास्त, कुठे कमी, कुठे साइटचा जुनाच पत्ता. जावयाला आधी हे उगाच कीस काढणं वाटलं. मग तिने त्याला दाखवलं, की एका रेघेच्या फरकाने दुसरं पान उघडतं किंवा काहीच उघडत नाही. मग तोच एकेक रेघ दुरुस्त करायला बसला.

दुरुस्त पानं चढवली, सर्च इंजिनला पुन्हा बघायला सांगितलं, आणि काहीच झालं नाही. दोन आठवडे जावई तासातासाला आकडे बघायचा. चौथ्या आठवड्यात सुयांचं पान परत दिसायला लागलं. तीन महिन्यांत सहाशेच्या वर पानं आली. बाकीची का आली नाहीत, हे तिला कधीच समजलं नाही, आणि तिने समजल्याचा आव आणला नाही. फोन वाढले, पण पूर्वीइतके नाही. लोक मशीन फेकतात, हे जावयाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

एका शिंपिणीचा फोन काकांनी घेतला. "तुम्ही अजून आहात होय? मला वाटलं, मिटलं दुकान." काकांनी तिला हवं ते शटल दिलं, पण दिवसभर पुटपुटत राहिले, "मिटायला काय झालंय?"

काकांच्या घरात दोघांचं पटायला लागलं, असं काही झालं नाही. जेवताना ते अजूनही भांडायचे. मुलगी म्हणाली, आता निदान कामावरून भांडतात. ती आता त्यांच्याबरोबरच जेवायला बसायची.

वेलांटीचं काम मुळात सहा महिन्यांचं होतं. ते संपलं तेव्हा जावयाने सांगितलं, की यापुढे नवं पान ताईंनी पाहिल्याशिवाय चढणार नाही. काकांना हा जादा सोपस्कार वाटला, पण ते नाही म्हणाले नाहीत. पहिल्या आठवड्यात चौदा नवी पानं आली. एका पानावर सुईचा नंबर चुकला होता, अकराच्या जागी चौदा. ते वर्णन तिनेच लिहिलं होतं. तिने दोघांना बोलावून दाखवलं.

"तुम्ही पण?" काका म्हणाले.

"मी पण," ती म्हणाली आणि आकडा बदलला.