तागाच्या फुलाचं तोंड

सेलूपासून कोसभर आत लहानूचं गाव. त्याच्या हातचं दावं तुटलं असं आसपास कोणी ऐकलं नव्हतं. दोरासाठी ताग तो आपल्याच वावरात पेरायचा. फुलावर आला की कापायचा, पण बांधालगतचा एक पट्टा बियांसाठी उभा ठेवायचा. असा हा दणकट माणूस भ्यायचा फक्त भुंग्याला. कानाजवळ घूं झालं की धोतराचा सोगा डोक्यावर घेऊन पळायचा, आणि बायको अन्नपूर्णा पोट धरून हसायची.

१९५३ च्या पावसाळ्यात गोठ्याच्या आढ्याला भुंग्यांनी भोकं पाडली. एके दिवशी तिथला भुसा खाली जेवत बसलेल्या लहानूच्या थेट वरणात पडला. तो ताटावरून उठलाच. संध्याकाळी भुंगे आत शिरल्यावर शिडी लावून त्यानं एकेका भोकात बाभळीची खुंटी ठोकली.

“अवो, त्यायनं तुमचं काय खाल्लं?” अन्नपूर्णा खालून म्हणाली.

“आढं खाल्लं!” लहानू वरून ओरडला.

भाद्रपद सरता सरता ताग पिवळाधमक फुलला. पण फुलं नुसती गळत गेली, शेंग काही धरेना. लहानूनं आधी ढगाळ हवेला बोल लावला, मग बियाला. नाल्यापलीकडे किसनरावांचा ताग मात्र शेंगांनी लगडला होता, आणि तिथलं बी लहानूनंच दिलेलं. आता बोल लावायचा तरी कोणाला?

तो किसनरावांच्या बांधावर जाऊन बसला. तागाच्या फुलाची एक पाकळी वर उभी, खालच्या दोन चोचीसारख्या मिटलेल्या. मोहळाच्या माश्या यायच्या, त्या चोचीवर फिरायच्या आणि तशाच निघून जायच्या. मग एक भुंगा आला. लहानूचा हात सोग्याकडे गेला, पण या खेपेला तो पळाला नाही. भुंगा धपकन फुलावर बसला. त्याच्या भारानं चोच खाली दबली आणि टोकातून पिवळी भुकटी निघून त्याच्या पोटाला माखली. तसाच तो पुढच्या झाडावर गेला.

“म्हंजे याले वजनदार पाहुणा लागते,” लहानू पुटपुटला.

घरी येऊन त्यानं खुंट्या उपटल्या. आतून वाळलेले भुंगे निघाले. जन्मात पहिल्यांदा त्यानं भुंग्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी लहानू स्वतःच बोटानं फुलं दाबत, भुकटी या झाडाची त्या झाडाला लावत हिंडू लागला. शेजारच्या वावरातली रुख्माबाई ओरडली, “लहानूभाऊ, फुलायले गुदगुल्या करून राह्यले का?” दुपारपर्यंत त्याची कंबर धरली आणि पट्टा तर अजून तसाच पडला होता. मग तो उठला आणि किसनरावांकडे गेला. त्यांच्या वावरात आंब्याचं एक वठलेलं झाड होतं, भुंग्यांच्या भोकांनी भरलेलं.

“मले त्याची एक फांदी द्या,” लहानू म्हणाला.

“अरे, बी ने ना लागलं तेवढं. लाकूड कायले?”

“बी होईन. मले भुंगे पायजे.”

दिवस बुडताना फांदीची भोकं चिंध्यांनी बुजवून त्यानं ती खांद्यावर घेतली. मागचं टोक अन्नपूर्णेनं धरलं. वाटभर फांदी त्याच्या कानाशी घुमत होती. घामानं त्याची बंडी भिजली.

“शांत राहा रे बाप्पा, आलंच वावर,” तो फांदीला समजावत होता. मागं अन्नपूर्णा एवढी हसत होती की फांदी हलायची आणि भुंगे आणखी चेकाळायचे.

बांधावरच्या खांबाला फांदी बांधून त्यानं लांब काठीनं चिंध्या ओढल्या आणि मग जो धूम पळाला, तो घरीच थांबला.

उशिरा आलेल्या फुलांना शेंगा धरल्या. पीक थोडंच, पण पुढच्या पेरणीपुरतं बी झालं. लहानूला मात्र नवा नाद लागला. कुठलंही फूल दिसलं, की त्याचं तोंड कसं आहे आणि त्यात कोण शिरतं ते पाहत बसायचा. पुढच्या वर्षी दोघं बाजाराला निघाले असताना तो तिळाच्या वावरापाशी थबकला. एक माशी घंटेसारख्या फुलात पार आत घुसली होती.

“चला नं, बाजार उठून जाईन,” अन्नपूर्णा म्हणाली.

“थांब वं. तिची पाठ भुकटीनं पांढरी होऊन निघते का, तेवढं पाहू दे.”

अन्नपूर्णेनं टोपली खाली ठेवली आणि तीही त्याच्या शेजारी बांधावर टेकली.